पॉलिहाऊसमधील गुलाब आणि बोअरचे खारट पाणी

प्रश्न : १० गुंठे पॉलिहाऊसमध्ये डच गुलाब आहे. विहीर आटल्यापासून बोअरचे पाणी देतो, ईसी (पाण्यातील क्षाराचे माप) २ आहे. खालच्या पानांच्या कडा करपतात, दांडी आखूड राहते. दुकानदार ०:०:५० हे पालाशचे खत वाढवा आणि 'क्षार मारणारे' औषध सोडा म्हणतो. काय करावे? – एक शेतकरी, मोहाडी, ता. दिंडोरी

उत्तर : ०:०:५० आजच थांबवा. क्षाराने करपलेली कड आणि पालाशच्या कमतरतेची कड सारखीच दिसते, फसगत होते ती इथेच. लिटरला १ ग्रॅम ०:०:५० टाकले की ईसी साधारण दीडने वाढतो. तुमचे २ चे पाणी साडेतीनचे होऊन मुळाशी जाते. गुलाब, जरबेरा क्षाराला फार नाजूक. पाणी १ च्या आसपास हवे.

क्षार कोणत्याही बाटलीने मरत नाही. तो पाण्यासोबत मुळांखाली उतरतो, नाहीतर तिथेच साठतो. ॲसिडने ठिबक साफ होते, मीठ जात नाही. जिप्सम सोडियम जास्त असेल तरच कामाचे. माती-पाण्याचा अहवाल हातात नसताना दुकानदाराच्या शब्दावर एक गोणीही टाकू नका.

आधी बेडचा निचरा पाहा. मग दोन-तीन दिवस खत बंद ठेवून सकाळी नेहमीच्या दीडपट पाणी तीन-चार हप्त्यांत द्या. पुढे रोज १५-२० टक्के जादा. बेड वाळू देऊ नका, वाळला की मुळाशी क्षार दाट होतो. हे पाणी फॉगरमधून (धुके सोडणाऱ्या नोझलमधून) तर मुळीच नको. खत पुन्हा सुरू कराल तेव्हा निम्म्या मात्रेने, आणि ड्रिपरखाली ईसी मोजूनच. तो चढत गेला की खत कमी करा, दुकानदार काहीही म्हणो.

खरा उपाय तुमच्या छपरावर आहे. १० गुंठे छपरावर ६०० मिमी पाऊस पडला, तर गळती वजा जाता ५ लाख लिटर पाणी मिळते. पन्हळीचा पाईप अस्तर टाकलेल्या शेततळ्यात सोडा. उन्हाळ्यात रोज ५ हजार लिटर लागले तरी निम्मे पावसाचे, निम्मे बोअरचे मिसळले की ईसी १ वर येतो आणि उन्हाळा निघतो. ही जोडणी जूनपूर्वी करा, जुलैत धावपळ करून उपयोग नाही. शेततळ्याच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर. कागदपत्रे तालुका कृषी कार्यालयात विचारा.

बाहेर शेवंती-झेंडू असेल तर पहिल्या हलक्या सरीत ठिबक बंद करू नका. ओल्या पट्ट्याच्या कडेला साचलेला क्षार ती सर मुळांकडे ढकलते. चांगला दमदार पाऊस होईपर्यंत ठिबक चालूच ठेवा.