कारवानचं पिल्लू आणलंयस तर

भाऊ, कारवान, म्हणजे सडपातळ शिकारी जातीचा कुत्रा घेतलास, झकास. आता शेजारीपाजारी विचारतील, "उपाशी ठेवतोस का रे?" तिकडे कानाडोळा कर. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसायलाच हव्यात. पण नुसत्या भाकरी-दुधावर भागवू नकोस. अंडी, शिजवलेलं चिकन हवंच. आणि पोटभर खाल्ल्यावर तासभर तरी पळवायचं नाही, पोट फुगून पीळ पडला तर जीवावर बेततं.

वर्षाचा होईपर्यंत मोटारसायकलमागे पळवणं बंद. (ते व्हिडिओ बघून माझं तर डोकंच उठतं.) शिवारातून आला की रोज बोटांच्या बेचक्यात आणि कानामागे चाचपून बघ: कुसळ, बाभळीचा काटा, गोचीड. ताप आला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, खाणं सुटलं, तर गोचीडतापासाठी लगेच रक्त तपासून घे. कातडी पातळ, काटेरी तारेत टर्रकन फाटते. टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांग, शिकारी हाउंड आहे, अंगावर चरबी नाही, भूल त्या हिशोबाने द्या. रेबीजची लस वर्षाच्या वर्षाला.

सशामागे सोडायचा विचार असेल तर तो आत्ताच काढून टाक; १९७२च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.