वाचक विचारतात: खांदा सांभाळू की गाल?

प्रश्न: सा. न. लश्कर, ग्वाल्हेरहून लिहितोय. माझा भाचा जोहान्सबर्गला नोकरीला आहे, तिकडे रीतसर परमिट काढून केप बफेलोच्या (आफ्रिकेतल्या रानम्हशीच्या) शिकारीला जायचं त्याचं ठरतंय आणि "मामा तुम्ही पण चला" म्हणून मागेच लागलाय. तिथला आउटफिटर (शिकारीची सोय करून देणारा) .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) च्या तीन रायफली भाड्याने देतो, त्यांचे फोटो आलेत. एक जुन्या इंग्रजी घाटाची, बट (खांद्याला लागणारं मागचं लाकूड) चांगलीच खाली झुकलेली, वर नंतर बसवलेला स्कोप, म्हणजे नेमाची दुर्बीण. दुसरी मोंटे कार्लो, गालापाशी उंचवटा असलेली, स्कोपवाली. तिसरी काळी सिंथेटिक, अंगठा घालायला भोक, आणि सगळ्यात हलकी. माझी उंची ५ फूट ६ इंच, चष्मा आहे. घरच्या .३१५ रायफलीला मागे लोखंडी पट्टी आहे, तिच्याच दोन-चार गोळ्यांत खांदा धरतो, मग ही .३७५ कशी झेपणार? हलकी घेऊ का?

उत्तर: भाच्याचे मामा म्हणजे आमचेही मामाच, तर मामा, आधी एक सांगून टाकतो नाहीतर पुढच्या अंकापर्यंत पत्रांचा ढीग येईल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, आणि ज्या शिवपुरीच्या जंगलात संस्थानाच्या काळी वाघांच्या शिकारी झाल्या तिथेच २०२५ मध्ये माधव टायगर रिझर्व्ह झालंय, फार बरं झालं. तुमचा बेत तिकडचा आणि तिकडच्या परमिटवरचा, म्हणून उत्तर देतोय.

हलकी अजिबात नको. धक्का वजनाने खाल्ला जातो, रायफल जितकी हलकी तितकी ती जोरात मागे येणार, हे साधं गणित आहे. .३७५ चा धक्का ९ पौंडी रायफलीत सुद्धा .३०-०६ च्या जवळपास दुप्पट असतो आणि तुमची .३१५ तर त्यापुढे काहीच नाही. मग .३१५ का लागते? कारण अरुंद बट आणि मागे लोखंड, सगळा जोर खांद्याच्या एवढ्याशा जागेवर येतो, त्यात लांबी मापाची नसेल तर बट हाडावर बसते. म्हणजे गोळीपेक्षा लाकूड जास्त मारतंय. .३७५ मागे जाड रबरी पॅड असलेली आणि तुमच्या मापाची मिळाली तर एवढं घाबरायचं कारण नाही.

आता तिन्हींचं बघू, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण लोक इथेच फसतात. जुन्या इंग्रजी एक्सप्रेस रायफली उघड्या साइटसाठी बनायच्या, माशी (नळीच्या टोकाचा नेमाचा मणी) आणि मागची व्ही खाच दोन्ही नळीला चिकटून, म्हणून डोळा खाली आणायला बट झुकवलेली. रायफल खांद्याला लावली की नजर आपोआप साइटवर, जवळून धावून येणाऱ्या जनावरासाठी झकास. पण धक्का नळीच्या रेषेत येतो आणि खांदा त्या रेषेच्या खाली, त्यामुळे नळी वर उसळते आणि बटीची वरची कड गालफडावर येते. त्यात कोणीतरी वर स्कोप चढवला, म्हणजे डोळा आणखी वर न्यावा लागतो, गाल लाकडावरून सुटतो, मान ताणलेली, आणि मग ती कड मधलं अंतर पार करून वेग घेऊन गालावर आदळते. खांदा वाचतो, गाल सुजतो. रायफल चांगली आहे, वर स्कोप लावून तिचं वाटोळं केलंय. स्कोप काढून देत असतील आणि तुम्हाला उघड्या साइटची सवय असेल तर घ्या, पण चष्म्यातून माशी आणि व्ही दोन्ही स्पष्ट दिसणं कठीण, तेव्हा तुम्हाला नाहीच म्हणेन.

मोंटे कार्लोत गालाची कड उंच ठेवून टाच (बटीचं मागचं वरचं टोक) खाली घेतलेली असते, म्हणजे स्कोपमधून बघताना गालाला टेकू मिळतो. मात्र फोटोत एक बघा, ती कड पुढे नळीकडे जाताना उतरतेय का? रॉय वेदरबीने अमेरिकेत ह्या घाटाचा बराच बोलबाला केला, त्याच्या रायफलीत कड मागे उंच आणि पुढे उतरती असते, म्हणून रायफल मागे आली की गालाखाली तिचा खालचा भाग येतो, लाकूड गालापासून लांब जातं. उलटा उतार असेल तर पाचरीसारखी गालात घुसते. उतार बरोबर असेल तर माझं मत ह्याच रायफलीला. आणि आउटफिटरकडे चौथी, उंचवटा नसलेली सरळ कडेची असेल तर तीही बघा, दिसायला साधी पण धक्का सरळ मागे येतो, नळी कमी उसळते आणि दुसरी गोळी लवकर जाते.

भोकवाली रेंजवर छान, पकड घट्ट बसते. पण प्रत्येक वेळी पुढची गोळी भरायचा बोल्ट ओढायला अंगठा बाहेर काढा, परत आत घाला, समोर जखमी बफेलो असताना हे कोणी सांगितलंय! सिंथेटिकला माझा विरोध नाही हां, चांगला फायबरग्लासचा स्टॉक पावसात लाकडासारखा फुगत नाही, फक्त पोकळ प्लास्टिक नको.

भाच्याला अजून तीन गोष्टी बघायला सांगा. घोड्यापासून (ट्रिगरपासून) बटीच्या टोकापर्यंतचं अंतर कंपनीकडून बहुतेक साडेतेरा ते चौदा इंच येतं, तुम्हाला साडेतेराच्या आसपास बघा, फार आखूड झालं तर स्कोप भुवईवर येईल. पट्ट्याची पुढची कडी लाकडावर नको, नळीवर हवी, नाहीतर धक्क्याला डाव्या हाताची बोटं सोलून निघतात. आणि ग्रिपचा (उजव्या हाताच्या पकडीचा) बाक मोकळा हवा, आखडता असला तर ट्रिगर गार्ड मधल्या बोटावर आपटतो.

तिथे पोचल्यावर रायफल रिकामी आहे हे स्वतः डोळ्याने बघून, सुरक्षित दिशेला, डोळे मिटून खांद्याला लावा आणि मग उघडा. स्कोपमध्ये पूर्ण गोल चित्र दिसलं तर माप जमलं, काळी चंद्रकोर दिसली तर नाही. झिरो करताना, म्हणजे स्कोपचा नेम जुळवताना, टेबलावर बसून फार गोळ्या मारू नका, बसल्यावर अंग मागे जात नाही आणि सगळा मार खांद्यावर येतो. नंतर उभं राहून, तिपाईवर टेकवून सराव करा, तिकडे शिकारीतही बहुतेक तसंच मारतात. इथे निघेपर्यंत रेंजवर .२२ चालवा, दचकणं तिथेच मोडतं. तुमची .३१५ सुद्धा चालवायची असेल तर निवडणुकीच्या आधीच उरका, एकदा तारखा लागल्या की ती ठाण्यात जमा!

प्रश्न: आजोबांच्या १२ बोअरच्या लाकडाला ग्रिपजवळ बारीक चीर गेलीय. घरीच फेविकॉल भरला तर चालेल का? (मुरार)

उत्तर: नाही चालणार. तिथेच लोखंड लाकडावर रेटतं, प्रत्येक बाराला चीर वाढत जाईल आणि एक दिवस ग्रिपच हातात येईल. शिवाय जुन्या बंदुकीत त्या जागी वर्षानुवर्षं तेल मुरलेलं असतं, लाकूड नरम होतं आणि त्यावर गोंद धरत नाही. लायसन्सवाल्या दुरुस्तीवाल्याकडे न्या, तुमचं लायसन्स बरोबर ठेवा, तो तेल काढून एपॉक्सी आणि आतून पिन घालेल. तोवर एकही बार काढू नका. आणि पुढे कपाटात ठेवताना नळी खाली, बट वर ठेवा, म्हणजे तेल लाकडात उतरणार नाही.