गन घ्या, पण ही नको आणि आत्ता नको

इंदूरच्या राजेंद्र नगरातून एका वाचकाने विचारलंय, थोडक्यात असं. वय ३६, सुपर कॉरिडोरवरच्या आयटी कंपनीत नोकरी, हातात १,१५,००० येतात. घराचा हप्ता ३१,०००, एसआयपी २०,०००, घरखर्च ४५,०००. बायको शाळेत शिकवते, तिचा पगार मुलीची फी आणि पीपीएफमध्ये जातो. बँकेत ७ लाखांची एफडी. चार महिन्यांपासून महिन्यातले दोन रविवार भोपाळकडे जाऊन क्ले शूटिंग, म्हणजे मशीनने हवेत उडवलेली बशी छर्ऱ्यांनी फोडायची, त्यातही ट्रॅप हा प्रकार, तेही रेंजच्या भाड्याच्या गनने. आता ओळखीतले एक काका आपली इटालियन ओव्हर-अंडर (एकावर एक दोन नळ्यांची) विकतायत, १२ बोअर, २८ इंची नळी, चोक (नळीच्या तोंडाचा अरुंदपणा) फिक्स, नळीवर स्कीट लिहिलंय, किंमत पावणेसहा लाख. लायसन्सचा अर्ज टाकलाय, पोलीस व्हेरिफिकेशन चालू आहे. काका म्हणतात रविवारपर्यंत २५,००० टोकन द्या, हवं तर गन आत्ताच घेऊन जा, कागद होत राहतील. प्रश्न असा की एफडी मोडू का, कारण "गन काही घसरत नाही, विकली तरी तेवढेच येतील", नाहीतर ऑर्डनन्स फॅक्टरीची पंप ॲक्शन (दर बारानंतर हाताने मागेपुढे ओढून काडतूस चढवायची गन) स्वस्तात घेऊन टाकू का.

दादा, आधी ते "घेऊन जा, कागद नंतर" वालं. अजिबात नाही. लायसन्स हातात नसताना गन घरात ठेवली तर तो आर्म्स ॲक्टखाली सरळ गुन्हा आहे, त्यात काका अडकतील आणि तुम्हीपण, आणि मग ते लायसन्स विसराच. टोकनही देऊ नका, व्हेरिफिकेशनचं काय होईल हे तुमच्या हातात नाही आणि अर्ज अडकला तर ते २५,००० परत मागताना रेंजवर रोज तोंड बघावं लागेल.

आता गन. मी शूटर नाही, पण माझे दोन क्लायंट आहेत शूटर आणि त्यांच्या नादाने एकदा पूर्ण दिवस रेंजवर उभा होतो, कान बंद करून. तुमच्या पत्रात मला पहिल्यांदा खटकलं ते पावणेसहा लाख नाही, तो "स्कीट" शब्द. तुम्ही ट्रॅप मारता ना? ट्रॅपमध्ये मशीन तुमच्या पुढे १५ मीटरवर खंदकात असतं आणि बशी तिथून पुढेच पळते, म्हणजे तुमचा बार पोचेपर्यंत ती तीसेक मीटरच्या पुढे गेलेली असते. स्कीटमध्ये बशी दोन घरांमधून आडवी जाते, साधारण २० मीटरवर. म्हणून स्कीटचा चोक मोकळा असतो, छर्रे लवकर पसरावेत म्हणून, आणि ट्रॅपचा घट्ट. काडतुसात छर्रे असतात फक्त २४ ग्रॅम, आणि बशी म्हणजे ११० मिलिमीटरची, चहाच्या कपाखालच्या बशीपेक्षा लहानच म्हणा. मोकळ्या चोकने तीस-पस्तीस मीटरवर तेच २४ ग्रॅम एवढे विरळ होतात की नेम बरोबर असूनही बशी मधल्या फटीतून निघून जाते आणि तुम्ही स्वतःला शिव्या देत बसता की माझं टेक्निकच खराब. ट्रॅपवाले बहुतेक ३० किंवा ३२ इंची नळी वापरतात, आणि त्यांच्या गनचा मार जरा वरच्या अंगाने बसवलेला असतो कारण बशी चढत जाते.

म्हणजे काकांची गन वाईट नाही, उलट चांगलीच असेल, पण ती दुसऱ्या खेळाची आहे.

त्यात दस्ता, म्हणजे खांद्याला टेकतो तो गनचा मागचा भाग. काका किती उंच आहेत ते लिहिलं नाहीत. दस्ता लांब असला की गन वर आणताना काखेत अडकते, आखूड असला की अंगठ्याचं हाड नाकावर आपटतं, आणि गाल दस्त्यावर जिथे टेकतो ती उंची चुकली तर डोळा नळीच्या रेषेत येतच नाही. माझ्या एका क्लायंटने अशीच घाईत घेतली होती, त्याच्या उजव्या खांद्यावर पेरूएवढा जांभळा डाग महिनाभर होता आणि बायकोला वाटलं जिममध्ये काहीतरी झालं. आणि एक डोळा जास्त चालतो तो कोणता, ते तपासलंय का कोणी तुमचं? नसेल तर कोचला सांगा, एका मिनिटाचं काम आहे, डावा डोळा जोरात असेल आणि गन उजव्या खांद्यावर घेत असाल तर पावणेसहा काय पंधरा लाखाचीही गन कामाची नाही.

पंप ॲक्शनबद्दल फार बोलत नाही. आंतरराष्ट्रीय नियमात ट्रॅप-स्कीटला पंप ॲक्शन चालतच नाही, सेमी-ऑटोमॅटिक चालते पण ही नाही. पुढे कधी स्पर्धेत उतरायचं असेल तर पहिल्याच दिवशी बाजूला काढतील. स्वस्त म्हणून घेतलेली वस्तू पुन्हा विकायची वेळ येणार, सोडा ते.

मुख्य गोष्ट आता, आणि इथे तुमचा हिशोब साफ चुकलाय. तुम्ही लिहिलंय की एका रविवारी चार राउंड, २५ चे चार म्हणजे १०० काडतुसं, रेंजवर ५५ रुपयांना एक, बशी १२ रुपये, झाले ६,७००. पण भिया, ट्रॅपमध्ये एका बशीला दोन बार मारता येतात! स्कीटला एकच, म्हणून तिथे राउंडला २५ म्हणजे २५. ट्रॅपमध्ये पहिला हुकला की हात आपोआप दुसरा चाप ओढतो, आणि चार महिन्याचा माणूस निम्म्या तरी बशा पहिल्या बारात हुकवतोच, राग मानू नका. म्हणजे राउंडला ३७-३८, चार राउंडचे १५०. १५० गुणिले ५५ झाले ८,२५०, वर बशांचे १,२००, म्हणजे ९,४५०. गनचं भाडं तुम्ही लिहिलंय ५००. भोपाळ जाऊन-येऊन ३८०-३९० किलोमीटर, पेट्रोल टोल आणि आष्ट्याचा चहा-पोहा धरून ३,००० च्या खाली काही भागत नाही. एक रविवार १२,९५०. महिन्यातून दोनदा, २५,९००.

आणि तुमच्याकडे महिन्याला उरतात किती? १,१५,००० मधून ३१, २० आणि ४५ हजार गेले की १९,०००. म्हणजे गन न घेताच शौक खिशाबाहेर चाललाय, महिन्याला जवळपास ७,००० कुठूनतरी येतायत आणि मला शंका आहे की ते क्रेडिट कार्डावर बसलेत, कारण पत्रात कार्डाचा उल्लेखच नाही. जरा स्टेटमेंट उघडून बघा. वर्षाचा खर्च तीन लाखाच्या वर जातो, म्हणजे ती गन साधारण दोन वर्षांच्या या खर्चाइतकीच आहे. गन एकदाच विकत घेतो माणूस, काडतुसं दर रविवारी. स्वतःची गन आली तर वाचणार किती, तर महिन्याचं १,००० रुपये भाडं. पावणेसहा लाख घालून हजार वाचवायचे.

एफडीचं सांगतो. घरखर्च अधिक हप्ता म्हणजे ७६,०००, वरचं किरकोळ धरून ८०,००० समजू. सहा महिन्यांचे ४ लाख ८० हजार हे अडीअडचणीचे पैसे, त्यांना शौकाचा हात लागता कामा नये, आयटीत सध्या काय चाललंय ते तुम्हाला मी सांगायला नको. म्हणजे एफडीतले मोकळे पैसे २ लाख २० हजार. गन घेतलीत तर उरतात सव्वा लाख, दीड महिनाभर पुरतील.

"घसरत नाही" हे अर्धं खरं आहे. साध्या माणसाला बाहेरून गन आयात करता येत नाही, म्हणून देशात आधीच असलेल्या इटालियन गनला भाव टिकतो, हे मान्य. पण किंमत टिकणं वेगळं आणि पैसे हातात येणं वेगळं. घेणाऱ्याकडे लायसन्स पाहिजे, त्यावर चढवायला ऑफिसच्या चकरा, मग तुमच्या लायसन्सवरून उतरवायला आणखी चकरा. आमच्या मामांची दुनळी होती, मामा गेल्यावर घरात कोणाकडेच लायसन्स नाही म्हणून एका गन हाउसमध्ये जमा केली, तीन वर्षं ठेवणावळ भरली आणि शेवटी जो पहिला गिऱ्हाईक आला त्याला देऊन मोकळे झालो, भाव विचारायची पण हिंमत नव्हती. एफडीसारखं नॉमिनीचं नाव टाकून गन बायकोकडे जात नाही, हे तिलाही सांगून ठेवा. शिवाय काकांची गन शूटर म्हणून ड्युटी माफीत आणलेली असेल तर ती विकण्यावर अटी असतात, ते कागद बघितल्याशिवाय पुढचं बोलणंच नको. आणि निवडणूक लागली की गन ठाण्यात जमा करायला लावतात, खेळाडू म्हणून सूट हवी तर वेगळा अर्ज.

मग करायचं काय. पुढचं दीड वर्ष महिन्यातून एकच रविवार, चार राउंड, भाड्याच्या गनने, १२,९५०. उरलेले सहा हजार वेगळ्या आरडीत, तिचं नाव गन ठेवा हवं तर. अठरा महिन्यांत १ लाख ८ हजार, एफडीतले मोकळे २ लाख २० हजार, आणि तुम्ही लिहिलेला १ लाख २० हजारांचा बोनस एकदा, सगळं मिळून साडेचार लाखाच्या घरात. तोपर्यंत लायसन्सही झालेलं असेल, आणि दोन-अडीच हजार काडतुसं खांद्यावरून गेलेली असतील, म्हणजे कोणती गन अंगाला बसते हे तुम्हालाच कळेल, माझ्यासारख्याला विचारावं लागणार नाही. ट्रॅपची, ३० इंची, गालाची उंची कमी-जास्त करता येणारी सेकंडहँड शोधा, आणि घेण्याआधी तिच्याने किमान दोन राउंड मारा. एसआयपीला हात लावायचा नाही. महिन्यातून दोनदा जायचंच असेल तर दोन-दोनच राउंड मारा आणि कोणाच्या तरी गाडीत जागा बघा, इंदूरहून जाणारे एकटे तुम्हीच नसाल.

तोपर्यंत भाड्याच्या गनची लाज वाटायचं काही कारण नाही. भोपाळच्या राज्य शूटिंग अकादमीतली मनीषा कीर मच्छीमाराच्या घरातली, २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये ट्रॅप टीमचं सिल्व्हर घेऊन आली, आणि त्याच टीममध्ये आपली इटारसीची प्रीती रजक होती. घरून इटालियन गन घेऊन नाही निघाल्या त्या.

या रविवारी एक करा. काकांना नम्रपणे नाही म्हणा, आणि प्रत्येक राउंडनंतर पायाशी पडलेली रिकामी काडतुसं मोजून फोनमध्ये लिहा, २५ च्या वर किती जातात ते. आकडे मला पाठवा, राउंडला ४० निघाले तर वरचा हिशोब परत मांडावा लागेल.