जुन्या विमानांचे फोटो: आधी चाकं बघा, मग फोटोखालची ओळ

तुम्ही तीन फोटो टाकलेत. पहिला ‘राइट बंधूंचं पहिलं उड्डाण, १७ डिसेंबर १९०३’, ज्यात दोन माणसं शेजारी शेजारी बसली आहेत. दुसरा ढकलपत्रातून आलेला, ‘शिवकर बापूजी तळपदे यांचं मरुत्सखा, चौपाटी, १८९५’. तिसरा तुमच्या आजोबांच्या अल्बममधला, जुहूचा, मागे काही न लिहिलेला. तिन्ही खरे आहेत का, असं विचारलंत. वीसेक वर्षं हाच नाद आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला फोटो खरा आहे, तारीख चुकीची आहे. १९०३ च्या विमानात बसायला जागाच नव्हती. वैमानिक खालच्या पंखावर पालथा पडून उडायचा आणि कमरेखालची पट्टी डावी-उजवीकडे सरकवून पंखांना पीळ द्यायचा. सरळ बसायची सोय आणि शेजारी दुसरी जागा आली ती १९०८ मध्ये. त्या वर्षी मे महिन्यात चार्ल्स फर्नास हा त्यांचा पहिला प्रवासी ठरला. तुमच्या फोटोत मागे लाकडी मनोराही दिसतो. त्यावरून वजन खाली सोडून दोरीने विमानाला रुळावरून ओढ द्यायचे. ही युक्ती त्यांनी सप्टेंबर १९०४ मध्ये आपल्या डेटन गावाजवळच्या हफमन प्रेअरीच्या कुरणात सुरू केली. १९०३ चं उड्डाण झालं त्या किटी हॉकजवळच्या वाळूत असा मनोरा नव्हता, तिथे समोरून येणारा वाराच पुरेसा होता. म्हणजे तुमचा फोटो १९०८ किंवा त्यानंतरचा.

आता खरा १७ डिसेंबरचा फोटो. तो उघडून मोठा करून बघाच. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो मोठ्या आकारात सर्वांसाठी खुला ठेवलाय.

सकाळी १० वाजून ३५ मिनिटं. ऑर्व्हिलने कॅमेरा आधीच तिपाईवर लावून रुळाच्या टोकाच्या जरा पुढे रोखून ठेवला होता, कारण विमान सुटलं तर तिथेच सुटणार होतं. फिल्मऐवजी आत ५ बाय ७ इंचांची काचेची प्लेट होती. शटरचा रबरी फुगा त्याने जॉन डॅनियल्सच्या हातात दिला. डॅनियल्स जवळच्या किनाऱ्यावरच्या जीवरक्षक ठाण्याचा माणूस, कॅमेऱ्याशी त्याचा कधी संबंध आलेला नव्हता. त्याने फुगा दाबला आणि नेमका तो क्षण सापडला. विमान जमिनीपासून जेमतेम दोन फूट वर, ऑर्व्हिल पालथा, उजवीकडे विल्बर धावता धावता थबकलेला. त्याच्या मागे वाळूत पंखाला टेकू द्यायचा बाक आणि इंजिन सुरू करायची कॉइलची पेटी. ६० फुटी रूळ रिकामा. ते उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. त्याच दिवशी चौथ्या खेपेला विल्बर ५९ सेकंदांत ८५२ फूट गेला. नंतर उभ्या विमानाला वाऱ्याने उलथवलं, ते धरायला गेलेला डॅनियल्स तारांत अडकून त्याच्याबरोबर गडगडला आणि खरचटून बाहेर आला. ते विमान पुन्हा कधी उडालं नाही.

प्लेट तिथे धुतलीच नाही. ती डेटनला घरी नेऊन मागच्या शेडमधल्या अंधाऱ्या खोलीत धुतली. डॅनियल्सने फुगा वेळेवर दाबला का, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. तबकातल्या काचेवर ते विमान हळूहळू उमटताना त्या दोघांना काय वाटलं असेल, हा विचार मला दर वेळी त्या फोटोपाशी थांबवतो.

पण माझा विश्वास त्या एका फोटोमुळे बसलेला नाही. त्यांच्या काचेच्या प्लेट मागे राहिल्या, ऑर्व्हिलच्या मृत्यूनंतर १९४९ मध्ये तीनशेच्या वर प्लेट लायब्ररी ऑफ काँग्रेसला मिळाल्या. त्यांत तीन दिवस आधीचं, १४ डिसेंबरचं अपयशही आहे: नाणेफेक जिंकून विल्बरने पहिली पाळी घेतली, विमान झटकन वर उचललं गेलं आणि वाळूत आपटलं. पुढचा भाग मोडलेल्या अवस्थेतला फोटो त्यांनी काढून ठेवला. आधीची ग्लायडरं, तंबू, वादळाने उडवलेलं सामान, सगळ्याची नोंद आहे. मार्च १९१३ च्या डेटनच्या पुरात या प्लेट पाण्याखाली गेल्या, काहींवरचा थर सुटला, पहिल्या उड्डाणाच्या प्लेटचा एक कोपराही गेला. ती जखम आजच्या प्रतींवर दिसते. फोटोला असा जीवनक्रम असला, की कुठे होता, कुणाकडे होता, काय सोसलं हे सांगता आलं, की त्याची साक्ष पक्की होते.

फोटो पूर्ण खरा असून फसवू शकतो, याचं उदाहरणही त्याच काळातलं आहे. सॅम्युएल लँगली हे अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेचे सचिव. त्यांचं ‘एअरोड्रोम’ नावाचं विमान ७ ऑक्टोबर आणि ८ डिसेंबर १९०३ ला दोन्ही वेळा पोटोमॅक नदीत कोसळलं, म्हणजे राइट बंधूंच्या यशाच्या फक्त नऊ दिवस आधी. १९१४ मध्ये तेच यंत्र ग्लेन कर्टिस या विमान बनवणाऱ्या अमेरिकी माणसाने हॅमंड्सपोर्टच्या तळ्यावर पाण्यावरून उचलून दाखवलं. त्याचे फोटो निघाले, खरेच निघाले. आणि संस्थेने ते यंत्र ‘माणसाला घेऊन उडू शकणारं पहिलं विमान’ म्हणून मांडलं. उडवण्याआधी त्यात बरेच फेरफार केले होते, हे फोटोत दिसत नव्हतं. कर्टिसचा राइट बंधूंशी पेटंटचा खटला चालू होता, हेही नाही. ऑर्व्हिल इतका दुखावला की त्याने १९२८ मध्ये मूळ विमान लंडनच्या सायन्स म्युझियमला पाठवून दिलं. स्मिथसोनियनने त्या फेरफारांची यादी १९४२ मध्ये छापली, आणि विमान मायदेशी परतलं १९४८ मध्ये. तोवर ऑर्व्हिल गेला होता.

आता दुसरा फोटो. तळपदे यांनी राइट बंधूंच्या आधी, १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ हे विमान उडवलं, असा दावा केला जातो. मला कल्पना आहे की हा आपल्याला जवळचा विषय आहे, म्हणून आधी फोटोत काय आहे तेवढंच बघू. दोन मजली पंख, मागे खोक्यासारखी शेपटी, खाली रबरी टायरची चाकं, आणि चालकाच्या मागे इंजिन, ज्याचे सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे गोलाकार लावलेत. हे फिरतं इंजिन, नोम या फ्रेंच कंपनीचं. ते विमानांवर १९०९ मध्ये आलं, आणि ही सगळी ठेवण त्या वर्षीच्या हेन्री फार्मनच्या विमानाची आहे. त्या धाटणीची विमानं पुढे देशोदेशी बनली. १८९५ मध्ये असं इंजिन लावलेलं विमान जगात कुठेच नव्हतं. म्हणून हा फोटो मरुत्सखाचा नाही, यात मला शंका नाही.

तळपदे यांच्या उड्डाणाचं एकही समकालीन छायाचित्र आजवर समोर आलेलं नाही. ‘तेव्हा कुठे कॅमेरे होते?’ असं कुणी म्हटलं तर एक लक्षात घ्या: त्याच १८९५ साली बर्लिनजवळच्या टेकडीवरून ओट्टो लिलिएन्थाल ग्लायडरने झेपा घेत होता आणि त्याचे हवेतले फोटो काढले जात होते. असे शंभराहून जास्त फोटो आज उपलब्ध आहेत. मुंबईतही तेव्हा चांगले स्टुडिओ होते. दुसरी गोष्ट, ढकलपत्रांत सोबत येणारी नक्षीदार विमानांची रेखाटनं ‘वैमानिक शास्त्र’ या ग्रंथातली असतात. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये तो ग्रंथ तपासला आणि त्यातली विमानं उडण्याजोगी नाहीत, ग्रंथही विसाव्या शतकातलाच आहे, असा निष्कर्ष काढला.

तळपदे हे खरेखुरे मुंबईकर होते, उडण्याच्या प्रश्नात त्यांनी जीव घातला होता. त्यांच्या नावावर फार्मनचं विमान चिकटवणं हा त्यांच्यावरच अन्याय आहे. त्यांचा शोध घ्यायचा तर जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली आणि कागदपत्रं चाळायला हवीत, तिथे मेहनत करणाऱ्याला मी मनापासून मदत करेन.

हा मोह आपल्याच लोकांना होतो असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत गुस्ताव्ह व्हाइटहेड १९०१ मध्येच उडाला होता, असा दावा जोरात पुढे आला. आधार काय, तर १९०६ च्या एका प्रदर्शनाच्या फोटोत भिंतीवर टांगलेला एक धूसर फोटो, प्रचंड मोठा केलेला, तो म्हणे व्हाइटहेडच्या उड्डाणाचा. तो पुढे एका अभ्यासकाने ओळखला: कॅलिफोर्नियातलं जॉन माँटगोमेरीचं ग्लायडर, १९०५ सालचं. धूसर फोटोत माणसाला जे हवं ते दिसतं.

पोस्टकार्डांबद्दलही सावध राहा. मी एकदा एका विक्रेत्याकडून फ्रेंच वैमानिक ब्लेरिओच्या इंग्लिश खाडीवरच्या उड्डाणाचं, २५ जुलै १९०९ चं, कार्ड चांगले पैसे मोजून घेतलं. खाली समुद्र, वर विमान, मागे ढगांचे सुंदर पुंजके. घरी आल्यावर भिंगाखाली धरलं तर विमानाच्या कडेला कात्रीची रेघ. त्या काळच्या प्लेट निळा रंग फार पटकन पकडायच्या, त्यामुळे आकाश बहुधा कोरं पांढरं यायचं. वेगात जाणारं विमानही स्पष्ट आणि ढगही स्पष्ट, असं दिसलं की जोडकाम आहे का ते तपासा. विक्रेत्याने ते मूळ फोटो म्हणून विकलं, याचा राग मला आजही आहे. डोव्हरच्या किल्ल्याजवळ गवतावर टेकलेल्या विमानाचे फोटो मात्र खरे आहेत, त्यात चाकांचा सांगाडा मोडलेला दिसतो.

आता आजोबांचा फोटो, जो मला तिघांत सर्वांत मोलाचा वाटतो. तुम्ही लिहिलंत की घरात तो ‘जेआरडींच्या पहिल्या टपालाचा’ समजतात. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आले, ते पस मॉथ विमानातून. वर एकच पंख, बंद केबिन, नोंदणीची अक्षरं व्हीटी-एडीएन (‘व्हीटी’ ही भारतातल्या विमानांची खूण). तुमच्या फोटोत दोन पंख आणि उघडे कॉकपिट आहेत, म्हणजे ते विमान हे नव्हे. तसंच कुणी पांढऱ्या केसांचे जेआरडी आणि लेपर्ड मॉथ असा फोटो १९३२ चा म्हणून पाठवला तर मानू नका. लेपर्ड मॉथ पहिल्यांदा उडालं १९३३ मध्ये, आणि पन्नास वर्षांनी, १९८२ मध्ये, जेआरडींनी त्यातून कराची-मुंबई सफर पुन्हा केली होती.

पण त्यामुळे आजोबांचा फोटो लहान होत नाही. जुहूचं विमानतळ १९२८ चं. तिथे तरुण मुलं उघड्या विमानांतून उडायला शिकत होती, आणि तुमच्या आजोबांनी ते समोर उभं राहून पाहिलंय. विमानाच्या अंगावर ‘व्हीटी’ नंतरची तीन अक्षरं अर्धवट दिसतात. ती पूर्ण वाचता आली तर नोंदणीच्या यादीतून विमानाची जात, मालक आणि बहुधा वर्षंही हाती लागतील.

त्यासाठी एवढं करा. फोटो अल्बममधून ओढून काढू नका, गोंद जुना असला तर कागद फाटतो. अल्बमचं अख्खं पान निदान १२०० डीपीआयवर स्कॅन करा, आजूबाजूचे फोटोही येऊ द्या, कारण कपडे, गाड्या, त्याच दिवसाचा दुसरा फोटो यांवरून तारीख आवळता येते. नंतर मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरून शेपटीकडच्या भागाचा वेगळा फोटो घ्या, पुसट अक्षरं अशा उजेडात कधीकधी वर येतात. मागची बाजू सहज दिसत असेल तर कागदावरचा छाप बघा. आजोबा तेव्हा जुहूला कसे गेले होते, नोकरी कुठे होती, हे घरातल्या मोठ्यांना आत्ताच विचारून तारखेसकट लिहून ठेवा. स्कॅन इथे टाका, अक्षरं लावायला मी बसतो.