आजी बर्फाला ‘नको’ का म्हणते?

प्रिय चिऊ,

तुझं कॅम्पवरचं पत्र मिळालं. जेवताना तू ‘बर्फ नको’ म्हणालीस तेव्हा शेजारच्या मुलीने विचारलं, तुम्ही लोक थंड पाणी पीतच नाही का, आणि तुला पटकन उत्तर सुचलं नाही. म्हणून तू मला विचारलंस की गार पाण्याने खरंच घसा धरतो का, आणि अकोल्याची आजी इथे अमेरिकेत हॉटेलात बसल्या बसल्या बर्फाला नाही का म्हणते. हे फोनवर घाईघाईत सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी हे सांगते की गार पाणी आजीइतकं कुणालाच आवडत नसेल. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. (सेल्सिअस बरं का. तुमच्या फॅरनहाइटमध्ये ११३.) त्या दिवसांत घरातली सगळ्यात लाडकी वस्तू म्हणजे माठ. स्वयंपाकघराच्या सावलीच्या कोपऱ्यात तिवईवर तो ठेवायचा, भोवती ओलं फडकं गुंडाळायचं आणि आत वाळ्याची जुडी सोडायची. माठाच्या मातीत बारीक छिद्रं असतात. त्यांतून पाणी पाझरून बाहेर येतं, त्याची वाफ होते आणि ती वाफ जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. तेवढी उष्णता काढून घेतली तर ५८ ग्रॅम पाणी दहा अंशांनी गार होतं. म्हणजे थोडंसंच पाणी उडून जातं आणि उरलेला सगळा माठ गार पडतो. वापरून वापरून पाण्यातल्या क्षारांनी ही छिद्रं बुजली की माठ पाझरत नाही, म्हणून दर उन्हाळ्यात नवा आणायचा. विदर्भाची हवा कोरडी, तिथे माठ छान चालतो. मुंबईत किंवा कोकणात हवा दमट, वाफ नीट होत नाही, मग तोच माठ तिथे अर्धवटच गार करतो.

माठातलं पाणी कितीही गार झालं तरी दात शिवशिवत नाहीत. तांब्या तोंडाला लावून घटाघटा पिता येतं आणि पोटभर प्यायलं जातं. रणरणत्या उन्हातून आलेल्या माणसाला आधी टेकायला सांगायचं, गुळाचा खडा द्यायचा आणि मग माठातलं पाणी द्यायचं, ही आपल्याकडची रीत. मला ती फार आवडते. घामावाटे गेलेलं पाणी भरून काढायचं असेल तर पाणी सहज पिता येईल असंच हवं, आणि व्यायाम करणाऱ्यांवरच्या प्रयोगांतही असंच दिसलं आहे की कोमट पाण्यापेक्षा माफक गार पाणी माणसं आपणहून जास्त पितात.

मग बर्फाशी वैर का? माझ्या मते आजीची मूळ भीती थंडीची नाही, ती पाण्याची आहे. तिच्या लहानपणी पाणी विहिरीवरून नाहीतर नळकोंडाळ्यावरून यायचं. पावसाळ्यात ते गढूळ असायचं. तुरटी फिरवायची, फडक्याने गाळायचं, उकळायचं, मगच लहान मुलांना द्यायचं. न गाळलेल्या पाण्यातून नारू व्हायचा. तो दोरीसारखा लांब जंत पायाच्या कातडीतून बाहेर यायचा. भारत नारूमुक्त झाल्याचं २००० साली जाहीर झालं, म्हणजे हे फार जुनं नाही. अशा घरात कोमट पाणी म्हणजे चुलीवरून आलेलं, खात्रीचं पाणी. आणि बर्फ म्हणजे कुठल्या पाण्याचा, कुणी गोठवला, कशात गुंडाळून आणला, काहीच ठाऊक नाही. गोठवल्याने जंतू मरतातच असं नाही. मासळी टिकवायचा बर्फ सरबतात जाऊ नये म्हणून २०१८ साली महाराष्ट्रात खाण्याचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा नियम करावा लागला. म्हणजे आजी उगाच घाबरत नव्हती.

आता एक गंमत ऐक. बोस्टनजवळच्या आपल्या केंब्रिजच्या नळाला पाणी येतं ते फ्रेश पाँडमधून. तू तिथे सायकल चालवतेस ना, तेच तळं. तिथला बर्फ हिवाळ्यात कापून फ्रेडरिक टुडर नावाचा व्यापारी जगभर विकायचा. १८३३ साली त्याचं जहाज बोस्टनहून १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघालं. चार महिन्यांनी पोहोचलं तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता. पुढे असा बर्फ मुंबईलाही जाऊ लागला. म्हणजे तुझ्या ग्लासातला बर्फ आणि आपला देश यांची ओळख जुनी आहे!

घशाचं म्हणशील तर इथे माझं आजीशी जमत नाही. सर्दी-पडसं विषाणूंमुळे होतं, गार पाण्यामुळे नाही. पण एकदा घसा दुखायला लागला की गरम पाणी बरं वाटतं, हे तिचं म्हणणं सोळा आणे खरं. कार्डिफ विद्यापीठात २००८ साली सर्दी झालेल्या ३० जणांना एकच सरबत गरम आणि साधं असं देऊन पाहिलं. गरम सरबताने घसादुखी, थंडी वाजणं आणि थकवा यांना लगेच उतार वाटला. नाकातून जाणारी हवा यंत्राने मोजली तर तिच्यात मात्र फरक नव्हता. माणसाला बरं वाटणं हीसुद्धा माझ्या लेखी मोठी गोष्ट आहे, म्हणून तू आजारी पडलीस की मी कोमट पाणीच देते. फक्त कढत नको. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं नेहमी प्यायल्याने अन्ननलिकेचा कर्करोग होण्याची शक्यता दिसते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली सांगितलं. आजी चहा वाफाळता पिते, तेव्हा मी बशी पुढे करते ती त्यासाठीच.

काही जणांना गार पाणी खरोखरच बाधतं. मला अर्धशिशी आहे, आणि बर्फाचं पाणी भरभर प्यायलं की माझं कपाळ ठणकतं. अर्धशिशीवाल्यांना हा त्रास इतरांपेक्षा जास्त होतो, हे अभ्यासातही दिसलं आहे. तू माझी लेक आहेस, तेव्हा लक्ष ठेव. डोकं दुखलं तर थांब आणि जीभ टाळ्याला लावून धर.

एरवी कॅम्पवर उन्हात फुटबॉल खेळून आलीस की गार पाणी बिनधास्त पी. ‘अंग तापलेलं असताना गार पाणी नको’ हे आजीचं वाक्य मनावर घेऊ नकोस. खेळताना उष्माघात झालेल्या माणसाला डॉक्टर सरळ थंड पाण्याच्या टबात बसवतात, इतका गारवा तापलेल्या अंगाला चालतो. मात्र तोंडाला गारवा लागला की तहान भागल्यासारखी वाटते, पाणी रक्तात पोहोचायच्या आधीच. म्हणून दोन घोटांवर बाटली खाली ठेवू नकोस, पाच मिनिटांनी परत पी.

शेजारच्या मुलीला सांग, आमच्याकडे गार पाणी पितात, पण ते कुठून आलं हे आधी विचारतात. नळाचं गरम पाणीही पिऊ नका म्हणावं तिला. जुन्या नळांमधलं शिसं गरम पाण्यात जास्त उतरतं, म्हणून मी चहालासुद्धा गार नळाचंच पाणी घेऊन तापवते.

आणि शनिवारी तुम्ही डोंगरात जाणार आहात. तिथले ओढे बर्फासारखे गार आणि तळ दिसेल इतके नितळ असतात, पण त्यांत जिआर्डिया नावाचा सूक्ष्म जंतू असू शकतो, आणि त्याने पोट आठवडेच्या आठवडे बिघडतं. बरोबरच्या मोठ्यांनी गाळणीतून काढलेलं किंवा चांगली उकळी फुटल्यावर मिनिटभर उकळलेलंच पाणी पी. बाटल्या दोन ने, निळी झिरपते.

तुझी,
आई