बुडालेल्या गावाचं चॅपल आणि एक पडकी भिंत

प्रश्न: मी लिव्हरपूलला राहते. वेल्समध्ये बाला गावाजवळ फिरताना लिन केलिन तलावाच्या काठावर छोटं दगडी चॅपल (ख्रिस्ती प्रार्थनाघर) दिसलं, ते म्हणे पाण्याखाली गेलेल्या गावाच्या आठवणीसाठी बांधलंय. गाव गेलं, माणसं पांगली, मग अशा बांधकामाने काय साधतं?

उत्तर: ताई, ते गाव म्हणजे कापेल केलिन, आणि ते बुडवलं तुमच्याच लिव्हरपूलच्या पाण्यासाठी. वेल्समधल्या नगरपालिकांची परवानगी घ्यायलाच लागू नये म्हणून लिव्हरपूलने 1957 मध्ये थेट लंडनच्या संसदेतून कायदा करून घेतला, वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नाही तरी तो पास झाला. त्याआधी 1956 ला गावकरी लिव्हरपूलच्या रस्त्यांवर मोर्चा घेऊन गेले होते पण उपयोग झाला नाही. शाळा, पोस्ट, चॅपल, शेतघरं सगळं पाडलं, 67 पैकी 48 जणांची घरं गेली आणि 1965 ला धरणाचं उद्घाटन. घराघरात वेल्श बोललं जाणारं गाव होतं हो ते, म्हणून वेल्सला ते जास्त लागलं.

आता चॅपलचं. देवळात गाव नुसतं प्रार्थनेला जमत नाही, गाणी, लग्नं, मयत सगळं तिथेच, म्हणून आठवण म्हणून घर किंवा पुतळा न उभारता चॅपलच उभारलं हे मला एकदम बरोबर वाटतं. पण खरं सांगू, माणसं पुन्हा जोडायचं काम त्याने एकट्याने केलं नाही. ते केलं शंभरेक किलोमीटर लांब, लानरिस्टिडजवळ ए487 रस्त्याकडेच्या एका पडक्या घराच्या भिंतीने. 1960 च्या दशकात कोणीतरी त्यावर रंगाने लिहिलं, 'कोव्हिउख ट्रवेरिन', म्हणजे ट्रवेरिनला विसरू नका (ट्रवेरिन म्हणजे ते खोरं). व्याकरणाने 'ड्रवेरिन' पाहिजे होतं, ते नंतर दुरुस्त झालं. 2019 मध्ये कोणीतरी त्यावर दुसरंच काही रंगवलं, मग काही भाग पाडलाच, तर लोक स्वतः येऊन दगड परत रचून गेले, आणि मग वेल्सभर गोठ्यांवर, दुकानांवर, घरांच्या भिंतींवर तेच शब्द उमटले, ज्यांचा जन्मही तेव्हा झाला नव्हता अशी पोरं ब्रश घेऊन आली.

लिव्हरपूलच्या कौन्सिलने 2005 ला माफी मागितली, चाळीस वर्षांनी. पुढच्या वेळी जाल तेव्हा ती भिंतही बघून या, अजून उभी आहे.