बारा जणांपैकी रात्री जागे किती?

प्रश्न : आईला (वय ७८) पक्षाघात झालाय. स्वतःहून कूस बदलता येत नाही. पुण्यातला एक वृद्धाश्रम पाहिला. स्वच्छ आहे, बाग आहे, ‘४० जणांना १२ जणांचा स्टाफ’ आहे म्हणतात. ठेवू का? आईला टाकल्यासारखं वाटतंय.
— एक लेक, नाशिक

उत्तर : ताई, अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं रात्रंदिवस करणं एकटीच्या आवाक्यातलं नाही. म्हणून जागा शोधणं म्हणजे टाकणं नव्हे. पण बाग बाजूला ठेवा आणि त्या बाराची फोड मागा.

स्वयंपाकी, सफाईवाले, ड्रायव्हर, मॅनेजर असे ४ वजा केले तर उरले ८. बारा तासांच्या दोन पाळ्या आणि प्रत्येकाची साप्ताहिक सुट्टी धरली की दिवसा ४, रात्री ३. एकजण गावी गेला की रात्री २. आता अंथरुणाला खिळून झोपून असलेले १० जण धरा. कूस बदलायची ती साधारण दर २ तासांनी, ओढून नव्हे तर उचलून, म्हणजे दोघांनी. डायपर पाहण्यासह माणशी १० मिनिटं लागली तरी १०० मिनिटं तिथेच गेली. तेवढ्यात कुणी बाथरूममध्ये पडलं, की पुढची फेरी बुडाली. बेडसोअर, म्हणजे एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा, होतात त्या अशा. एअर बेड आहे म्हणून कूस बदलणं टळत नाही. शिवाय त्याचा पंप चालू आहे का, हेही बघा.

तेव्हा विचारा : झोपून असलेले किती? रात्री जागे कोण? नर्स जीएनएम किंवा एएनएम (हे नर्सिंगचे कोर्स) झालेली, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली आहे, की मावशीच औषधं देतात? कूस बदलल्याचा तक्ता मागून घ्या. सगळ्या वेळा एकाच शाईत, एका हातानं, अगदी २-४-६ अशा असतील तर तो दिवसाअखेरी भरलेला समजा.

एकदा जेवणाच्या वेळी न सांगता जा, एकदा रात्री नऊनंतर. भरवताना आजी बसत्या केल्यात का, की आडव्याच? आडवं भरवलं तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो, न्यूमोनिया होऊ शकतो. भेटीची वेळ ठरलेलीच, वर खोलीत जायचं नाही, असं म्हणाले तर ती जागा सोडा.

आधी महिनाभराच्या बोलीवर ठेवा. डिपॉझिट परत कधी, हॉस्पिटलला नेणार कोण, हे लेखी घ्या. पहिल्या दिवशी आईचं वजन करा, माकडहाड आणि टाचा स्वतः बघा, फोटो काढून ठेवा. नंतर दाबूनही न जाणारा लाल-काळा डाग दिसला, तर त्याच दिवशी जाब विचारा. दाद नाही लागली तर ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, १४५६७.